बॉर्डरवरची शुगर आणि चमचाभर मेथी: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मेडिकलच्या काउंटरवर गेली अठरा वर्षं मी उभी राहते. ज्याची शुगर ३०० आहे तो माणूस गप्प असतो, चिठ्ठी पुढे करतो, पैसे देतो, जातो. ज्याची बॉर्डरवर आहे तो आधी इकडेतिकडे बघतो, दुसरं गिऱ्हाईक हलेपर्यंत फ्रिजवरच्या जाहिराती वाचतो आणि मग हळूच विचारतो, "ताई, काही आयुर्वेदिक आहे का? गोळी नको. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात."

हा लेख त्या माणसासाठी आहे. मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझाच एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतो ती, ६.१ आला, आणि जे डबे मी रोज विकत होते त्यांच्याकडे गिऱ्हाईक होऊन बघायची वेळ आली. तेव्हा जे केलं, जे चुकलं आणि जे आता काउंटरवर दहा वेळा सांगते, ते क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गाळणी लावू. तुम्ही इन्सुलिनवर असाल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, किडनीचं किंवा लिव्हरचं दुखणं असेल, किंवा घरातल्या लहान मुलासाठी वाचत असाल, तर इथलं काहीही आपल्या मनानं सुरू करू नका. बाकीच्यांनी पुढे या.

पायरी १: रिपोर्ट खरंच बॉर्डरवरचा आहे का ते बघा

आकडे असे आहेत. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ मि.ग्रॅ., किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४. यातलं काहीही असेल तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची रेघ १०० ऐवजी ११० वर ओढते, त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. कुणी खोटं बोलत नसतं.) उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोजनंतर २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, हा मधुमेह. तो असेल तर चूर्णाच्या डब्याकडे नको, आधी डॉक्टरकडे जा. सारखी तहान लागते, रात्री तीनतीनदा उठावं लागतं, न ठरवता वजन उतरतंय, असं असेल तर आजच जा.

एका रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. तापातून उठल्यावर, स्टिरॉइडचा कोर्स चालू असताना, लग्नघरात रात्रभर जागून सकाळी दिलेलं रक्त खरं चित्र दाखवतच नाही. पुन्हा करा.

एचबीए१सीची एक खोच आहे आणि ती आपल्याकडे फार कामाची आहे. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा शुगर न वाढताही वर दिसू शकतो. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू ६.२ चा कागद घेऊन रडवेल्या होऊन आल्या होत्या. उपाशीपोटीची शुगर मात्र ९४. दोन आकड्यांचं जमत नव्हतं. खाली बघितलं तर हिमोग्लोबिन ८.४. मी त्यांना चूर्ण दिलं नाही, परत डॉक्टरकडे धाडलं. लोहाच्या गोळ्या झाल्यावर काही महिन्यांनी तोच आकडा ५.६ आला. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक असणाऱ्यांमध्येही एचबीए१सी दगा देतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, तिथल्या वाचकांनी उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोजनंतरच्या आकड्यांवरच जास्त भिस्त ठेवावी.

आणि एकटं वाटून घेऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात भारतात सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या बॉर्डरवर असल्याचा अंदाज होता. प्रत्यक्ष मधुमेहात राज्यांमध्ये सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के.

पायरी २: चूर्णाआधीचं काम

इथे लोक पान उलटतात. उलटू नका, थोडक्यातच सांगते.

अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात (२००२) बॉर्डरवरच्या लोकांनी ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ठरवलं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगात मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ३१ टक्के घटलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला: चालणं-खाणं सुधारून २८.५ टक्के, गोळीनं २६.४. म्हणजे आपल्या माणसांत फायदा कमी दिसला, पण चालणं गोळीच्या बरोबरीचं ठरलं. मी विकते त्या एकाही डब्यावरच्या चूर्णामागे एवढा मोठा पुरावा नाही. हे दुकानदारानं सांगणं म्हणजे स्वतःच्या धंद्यावर पाय देणं आहे, पण आहे ते आहे.

तेव्हा किमान एवढं सुरू करा. जेवल्यावर शतपावली, पण शंभर पावलांची नको, दहा-पंधरा मिनिटांची; जेवणानंतर चढणारी शुगर त्यानं खरोखर खाली येते. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ संपवा, मग पोळी-भाकरी, भात शेवटी. क्रम बदलल्यानंही फरक पडतो. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती 'शुगर फ्री' नाही, तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. आणि उपवासाची साबुदाणा खिचडी. या विषयावर मी माझ्या सासूबाईंशी हरले आहे, तुम्ही तुमचं बघा.

पायरी ३: एकच निवडा

मोबाइलवर फिरणारी ती कृती तुम्हालाही आली असेल: पाव किलो मेथी, शंभर ग्रॅम ओवा, पन्नास ग्रॅम काळी जिरी, भाजून कुटून रात्री कोमट पाण्यातून. लोक ती चिठ्ठी घेऊन किराणा दुकानात जातात आणि 'काळं जिरं' मागतात. एक दुकानदार शहाजिरं देतो, दुसरा कलौंजी म्हणजे कांद्याचं बी देतो, तिसऱ्याकडे खरंच काळी जिरी, म्हणजे कडू जिरं, असतं. तीन वेगळ्या वनस्पती! तीन घरांत तीन वेगळी चूर्णं तयार होतात आणि तिघेही एकमेकांना सांगतात की याचा गुण येतो.

म्हणून नियम असा: एका वेळी एकच वस्तू, तीही अशी की जी डोळ्यांनी ओळखता येते. बारा आठवडे दुसरं काही जोडायचं नाही. पोट बिघडलं, अंगावर पित्त उठलं, तर कशानं ते कळायला हवं. फायदा झाला तरी कशानं ते कळायला हवं.

माझी पहिली पसंती मेथीदाण्याला. कारण ते स्वस्त आहेत, त्यात भेसळ करणं कठीण आहे, आणि गुण कुठून येतो हे रात्री वाटीत भिजत घालून सकाळी बोटानं बघता येतं. दाण्याभोवती बुळबुळीत थर जमतो. तो विरघळणारा तंतू, गॅलॅक्टोमॅनन. आतड्यात हाच बुळबुळीतपणा साखर रक्तात जायचा वेग मंद करतो. मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत कित्येक वर्षं काम झालंय. बॉर्डरवरच्याच लोकांना रोज दोनदा ५-५ ग्रॅम मेथीची पूड जेवणाआधी तीन वर्षं दिली, असा एक भारतीय अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. न घेणाऱ्यांना मधुमेह होण्याची शक्यता घेणाऱ्यांच्या ४.२ पट निघाली. आकडा आकर्षक आहे, पण माणसं फक्त १४० होती. म्हणून मी 'आशा आहे' म्हणते, 'खात्री आहे' म्हणत नाही.

करायचं कसं? पहिला आठवडा अर्धा चमचा दाणे रात्री अर्ध्या वाटी पाण्यात भिजवा, सकाळी पाण्यासकट चावून खा. नुसतं पाणी पिऊन दाणे टाकून देणारे बरेच आहेत. तंतूचा मोठा भाग दाण्यात राहतो, तो गेला कचऱ्यात. दुसऱ्या आठवड्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. सोसलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रात्रीच्या जेवणाआधी आणखी एक. त्याच्या वर जाऊ नका. कडूपणा सोसत नसेल तर दाणे मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून पूड करा आणि ताकात घाला. मोड आणले तर कडूपणा उतरतो. थोडं मीठ-लिंबू टाकून ती कोशिंबीरच होते.

मी स्वतः हे असं केलं नाही. आपल्याला सगळं कळतं या तोऱ्यात पहिल्याच दिवशी दोन चमचे पूड घेतली आणि दुपारी बारा वाजता, दुकान भरलेलं असताना, माझ्या पोटात जे ढोल-ताशे वाजले ते समोरच्या आजोबांनाही ऐकू गेले असावेत. त्यांनी गॅसचीच गोळी मागितली, योगायोगानं. दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती वासाची. दोन-तीन आठवड्यांनी घामाला आणि लघवीला गोडसर, पाक करपल्यासारखा वास येतो. घाबरू नका, तो मेथीचाच आहे.

मेथी कुणी टाळायची: गरोदर बायका (भाजी-फोडणीत येते तेवढी चालते, चमचे भरून नको), शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेले, आणि रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असलेले.

दुसरी पसंती इसबगोल, विशेषतः ज्यांचं कोलेस्टेरॉलही थोडं वर आहे आणि सकाळी पोट साफ होत नाही त्यांना. आपल्याला ते जुलाबाचं किंवा बद्धकोष्ठाचं औषध म्हणून माहीत आहे. गुजरातमधल्या उंझा-सिद्धपूरकडून येणारी ती पांढरी भुशी म्हणजे पुन्हा विरघळणारा तंतूच. एक चमचा, मोठा पेला भरून पाणी, ढवळलं की लगेच प्यायचं. गप्पा मारत बसलात तर पेल्यात खीर होते. कोरडं तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घेऊच नये. आणि बाकीच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं. इसबगोल गोळीला कवटाळून बसतं आणि ती रक्तात नीट जात नाही. थायरॉइडचा रिपोर्ट अचानक बिघडलेल्या एका गिऱ्हाइकाचं कारण मला एवढंच सापडलं: दोन्ही गोष्टी सकाळी एकाच पेल्यातून.

दालचिनीबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, एकाच पदराची गुंडाळी, टणक. खरी दालचिनी पातळ, कागदासारखे अनेक पदर एकात एक वळलेले, बोटानं चुरडते. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त गेलं तर लिव्हरला त्रास देऊ शकतं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसानं दररोज चमचाभर कॅशियाची पूड खाल्ली तर ही मर्यादा सहज ओलांडते. शुगरवरचा परिणाम अभ्यासांमध्ये कधी दिसतो, कधी दिसत नाही. चहात तुकडा टाका, खुशाल टाका. चमचे मोजून खायचीच असेल तर पातळ सालीची घ्या. कोकणात ती परसात असते, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाचा वाणच काढलाय.

कारलं, जांभळाच्या बिया, गुडमार, बिजासार: यांची नावं प्रत्येक 'मधु'पासून सुरू होणाऱ्या डब्यावर सापडतील. कारल्याची भाजी खा, भरपूर खा. कारलं औषध म्हणून घेण्याबद्दलचे पुरावे २०१२ मध्ये कॉक्रेन या अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासले तेव्हा अपुरे निघाले. गुडमारचं पान चावलं तर पुढचा थोडा वेळ साखर जिभेला मातीसारखी लागते, ही गंमत खरी आहे. पण जिभेवरची गोडी जाणं आणि रक्तातली साखर जाणं यात अंतर आहे. बिजासारच्या लाकडी पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी निळसर छटा येते आणि विकणारा ती उन्हात धरून दाखवतो. आयसीएमआरनं बिजासारवर १९९८ मध्ये अनेक शहरांतला प्रयोग छापला होता, निकाल बरे होते, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय तिथे मोजूनमापून अर्क दिला होता, पेल्यातलं पाणी नव्हे.

दुधीचा रस मात्र घेणारच असाल तर आधी थेंबभर जिभेवर ठेवा. कडू लागला की सगळा मोरीत ओता. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत, यात अतिशयोक्ती नाही. 'कडू म्हणजे गुणकारी' हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की लोक डोळे मिटून तो घोट घेतात.

गुळवेल करोनाच्या काळात घरोघरी उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. मला यातून एवढंच कळतं की कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्याला कुठली वेल आहे ते सांगता येत नाही, आणि काढा पिणाऱ्याला तर नाहीच.

पायरी ४: डबा उलटा करा

पुढून डबा सगळाच हिरवागार असतो, पानं असतात, ऋषी असतात. माहिती मागे असते.

आहारपूरक म्हणून विकलं जात असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवा, आणि ते औषध म्हणून वापरायचं नाही अशी ओळही हवी. ती ओळ कंपनीनंच छापलेली असते, बारीक अक्षरात. पुढच्या बाजूला मात्र शुगरचा थेंब खाली जाताना दाखवलेला असतो. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवं. घटकांत 'भस्म' दिसलं की थांबा. त्रिवंग भस्म प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह ज्यात धरतात त्या विकारांच्या) औषधांत येतं. त्रिवंग म्हणजे नाग, वंग आणि यशद, आणि नाग म्हणजे शिसं. अशा वस्तू नोंदणीकृत वैद्याच्या हाताखालीच घ्याव्यात, माझ्या काउंटरवरून नेऊन नव्हे. अमेरिकेत २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक वस्तू तपासल्या तेव्हा साधारण पाचातल्या एकीत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली तर हेही माहीत असू द्या: औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे ती जाहिरातच बेकायदा.

आणि बिनलेबलची पुडी. कुणी महाराज देतात, कुणाच्या गावाकडचा माणूस देतो, चार दिवसांत शुगर ९० वर येते आणि सगळं गाव रांग लावतं. झाडपाला चार दिवसांत असा चालत नाही. गोळी चालते. अशा पुड्यांमध्ये ॲलोपॅथीची शुगरची गोळी कुटून घातलेली बऱ्याच देशांत सापडलेली आहे. आपण काय आणि किती मिलिग्रॅम घेतो ते न कळता घेणं हे गोळी घेण्यापेक्षा वाईटच.

पायरी ५: वही

शंभर पानी साधी वही, डावीकडे तारीख. माझ्या वहीतल्या तीन ओळी जशाच्या तशा:

'मंगळ. उपाशी १०८. मेथी १ चमचा. रात्री चालले नाही, पाऊस.'
'शुक्र. उपाशी ११६. काल बारशाचं जेवण, झोप ५ तास.'
'सोम. जेवणानंतर २ तास १३१. भात शेवटी, १५ मिनिटं चालणं.'

आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी एवढं बोट टोचणं पुरे. पट्ट्या महाग आहेत आणि रोज आकडा बघून जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. घरच्या ग्लुकोमीटरला मानकांतच सुमारे १५ टक्क्यांची सूट असते, तेव्हा १०८ आणि ११६ हा फरक नाहीच. बघायचं ते सहा-आठ आठवड्यांचा कल. टोचण्याआधी हात साबणानं धुवा, पुसून कोरडे करा. एका गृहस्थांना घरी २१८ आली म्हणून घामाघूम होऊन आले. हापूस कापून त्याच बोटाला टोचलं होतं. हात धुऊन दुकानातच पुन्हा बघितलं, ११९.

पट्ट्यांची डबी पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, उघडल्याची तारीख वर लिहा.

पायरी ६: डॉक्टरांपासून लपवू नका

"डॉक्टर रागावतात" म्हणून लोक चूर्णाचं नाव काढत नाहीत. रागावू देत. मेथीचे दोन चमचे आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी एकत्र चालू असेल तर शुगर अचानक खाली जाऊ शकते: हात थरथरतात, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, नंतर कारण शोधायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळी चूर्णं बंद करायची, आणि तेही सर्जनला सांगून. डब्याचा मागचा भाग मोबाइलमध्ये फोटो काढून न्या, नावं पाठ करायची गरज नाही.

जीवनसत्त्वांचंही इथेच सांगते. 'ड' आणि बी१२ तपासून घ्या, आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी१२ कमी निघतं. कमी असेल ते भरून काढा, पण शुगर त्यानं उतरेल म्हणून नव्हे. 'ड'ची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरलेले आठवडे, मग थांबायचं असतं. एक बाई ती रोज दुधातून घेत होत्या, कारण चिठ्ठीवरचं 'आठवड्याला' वाचलंच नव्हतं. कॅल्शियम वाढून दवाखान्यात राहावं लागलं.

पायरी ७: बारा आठवड्यांनी

रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, एचबीए१सी त्यांच्यावर चढलेली साखर मोजतो. म्हणून महिन्याभरात तो पुन्हा करणं म्हणजे लॅबला देणगी. बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये करा.

आकडा उतरला किंवा तिथेच राहिला, वजन थोडं कमी झालं, तर चालू ठेवा आणि पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. दोनदा वाढताना दिसला, किंवा ६.५ ला टेकला, तर चूर्ण बदलून बघू नका. मेथी झाली, आता जांभूळ, मग गुडमार, असं करत दोन वर्षं काढलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या पायाच्या मुंग्या त्या दोन वर्षांत सुरू झाल्या.

तेव्हा त्या गोळीबद्दल. मेटफॉर्मिनची व्यसनासारखी सवय लागत नाही. वजन उतरलं, आकडे सुधारले तर डॉक्टर ती कमी करतात, कधी बंदही करतात. पोट सुरुवातीला बिघडतं, बी१२ वर लक्ष ठेवावं लागतं, एवढं खरं. आणि 'नैसर्गिक हवं' म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते: तिचं मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपीय रानझुडपात आहे. त्यातल्या द्रव्याच्या वाटेनं जात जात ती घडली, १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं मधुमेहावर वापरून दाखवली. ते झुडूप शेंगावर्गातलं. आपली मेथीही त्याच कुळातली. गोळी सुटत नाही म्हणून घाबरणारा माणूस मेथी जन्मभर खायला एका पायावर तयार असतो, याचं मला अजून हसू येतं.

माझा आकडा ६.१ वरून ५.८ वर आला, गेली दोन वर्षं ५.७-५.८ च्या आसपास आहे. मेथीमुळे का? सांगता येत नाही. त्याच महिन्यात मी दुकानातला चारचा चहा-खारी बंद केला होता आणि संध्याकाळी चालत घरी जायला लागले होते. 'एका वेळी एकच' हा नियम मी चालण्याला लावला नाही. तुम्हीही लावू नका.

आता उठा आणि आजपासून बारा आठवडे मोजून ती तारीख कॅलेंडरवर लिहा. आमच्या घरी ती दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लाल पेनानं लिहिलेली असते, म्हणजे हिशेबाला बसलं की दिसतेच.